आबांच्या सायकलचं कुलूप

डोळ्याच्या ऑपरेशनला निघण्यापूर्वी आबांनी आपली सायकल धाकट्या डॉक्टर जावयाच्या ताब्यात दिली. मग त्यांची धाकटी मुलगी, म्हणजे त्याच जावयाची बायको, म्हणाली, "आबा, ऑपरेशन अजून व्हायचंय ना? मग कुणाला देताय ते नीट दिसतंय ना?"

"दिसतंय," आबा म्हणाले. "डॉक्टर, इकडे या. हे फडकं. ही तेलाची कुपी. हा पंप. रोज सकाळी पुसायची आणि रोज एक फेरी मारून आणायची. नुसती उभी राहिली की आखडते ती. माझ्यासारखंच आहे तिचं."

"आणि किल्ली?" डॉक्टरांनी विचारलं.

आबांनी जावयाकडे जरा रोखून पाहिलं. काहीतरी सांगावं की न सांगावं अशा विचारात ते होते. मग त्यांनी खिशातून लाल दोऱ्यात ओवलेली छोटी पितळी किल्ली काढून पुढे केली. "घ्या. एकच आहे."

डॉक्टरांनी ती दोन्ही हातांनी घेतली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांनी त्यांच्या हातात स्वतःची एखादी वस्तू आपण होऊन दिल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

तसं पाहिलं तर डॉक्टरांच्या हाताला नाव ठेवायला जागा नव्हती. ते दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात सुईएवढ्या हत्यारांनी काम करायचं, आणि समोरच्याने खुर्चीचे हात कितीही घट्ट धरले तरी आपला हात हलू द्यायचा नाही, हा त्यांचा रोजचा धंदा. पण सासऱ्यांच्या घराचा उंबरा ओलांडला की हे हात दुसऱ्याच कुणाचे तरी होत. पहिल्याच भेटीत आबांनी मोठ्या कौतुकाने भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायचा मान जावयाला दिला. आतून 'टंग' असा आवाज आला आणि आबांच्या वडिलांच्या वेळेपासून चालू असलेलं घड्याळ पावणेपाचावर थांबलं. पुढच्या खेपेला रेडिओचं बटण हातात आलं. त्याच्या पुढच्या खेपेला आरामखुर्चीचा हात. त्यानंतर आबा जावयाला चहासुद्धा स्टीलच्या पेल्यातून देऊ लागले. पाहुण्यांच्या कपबशा फडताळातच राहायच्या.

आबा बोलले मात्र कधी नाहीत. जन्मभर नकाशे काढण्यात गेलेला तो माणूस. एक रेघ चुकली तर खोडण्यापेक्षा ती मुळात चुकू न देण्यावर त्यांचा भर. घड्याळ त्यांनी स्वतः उघडून दुरुस्त केलं, बटण बसवलं, खुर्चीला नवी खुंटी मारली, आणि जावयाला ते पूर्वीसारखंच 'डॉक्टर' आणि 'तुम्ही' म्हणत राहिले. त्या 'तुम्ही'मध्ये आदर किती आणि अंतर किती, हे डॉक्टरांना नेमकं कळत असे.

आणि याहून एक मोठं शल्य होतं. आबांच्या घरातल्या जुन्या, नीट राखलेल्या वस्तूंमध्ये त्यांचे दातही धरायला हवेत. या वयात सगळेच्या सगळे स्वतःचे. असे दात तपासायला मिळावेत म्हणून दातांचा डॉक्टर चार पैसे खर्च करील. पण आबांनी जावयासमोर तपासणीसाठी म्हणून तोंड कधी उघडलं नाही. वर्षातून एकदा ते बाजारापलीकडच्या दुसऱ्या एका डॉक्टरकडे जाऊन येत, आणि ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत असून कोणी तिच्याबद्दल बोलत नसे. डॉक्टरांना याचं फार वाईट वाटे.

म्हणून सायकल घरी आली तेव्हा डॉक्टरांनी मनाशी ठरवलं की आता हिच्यावर ओरखडासुद्धा उठू द्यायचा नाही. आबा थोरल्या मुलीच्या गावी ऑपरेशन करून, थोडी विश्रांती घेऊन परत येतील, आणि सायकल जशी दिली तशी त्यांच्या हातात पडेल. मग बघू कपबशा कशा बाहेर येत नाहीत ते.

सायकलही तशीच होती. काळीभोर, मडगार्डवर बारीक हिरवी रेघ, चामड्याचं सीट इतकी वर्षं तेल पिऊन पिऊन चॉकलेटी झालेलं. पितळी घंटी वाजवली की तिचा नाद रस्ता संपेपर्यंत मागे येई. डॉक्टर तिच्यावरून निघाले की अनोळखी माणसं थांबून बघत. नव्या गाडीकडे लोक हेव्याने बघतात, पण या सायकलकडे बघताना त्यांचे चेहरे मऊ होतात, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यांच्या स्कूटरकडे आजवर एका वाहतूक पोलिसाखेरीज कोणी निरखून पाहिलं नव्हतं.

पहिले काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी डॉक्टर फेरी मारत असतानाच दवाखान्यातल्या ताईंचा फोन आला.

"कुठे आहात? एक बाई आल्यात. गाल एवढा सुजलाय की डोळा दिसत नाही. लगेच या."

डॉक्टर तसेच दवाखान्याकडे वळले. दवाखाना पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, खाली दुकानांची गर्दी. समोर वाचनालय होतं आणि त्याच्या पुढे चांगलं लोखंडी कुंपण, वर झाडाची सावली. डॉक्टरांनी सायकल तिथे उभी केली, चाकातून आणि कुंपणातून साखळी ओवली, आबांचं जुनं पितळी कुलूप दाबलं आणि किल्ली फिरवली. किल्ली लोण्यात फिरावी तशी फिरली. वा, याला म्हणतात निगा, असं त्यांच्या मनात आलं. मग ते जिना चढले, अंगात अ‍ॅप्रन चढवला आणि कामाला लागले.

गालाचं काम सोपं नव्हतं. ते उरकेपर्यंत अ‍ॅप्रनवर बरंच काही उडालं होतं. तो काढून ताईंनी धुलाईच्या गाठोड्यात टाकला आणि डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे वळले. दुपारी घरी जायला निघाले तेव्हा त्यांनी पँटच्या खिशात हात घातला. किल्ली नव्हती. दुसऱ्या खिशात नव्हती. शर्टाच्या खिशात नव्हती. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"नीट आठवा," ताई म्हणाल्या. "कुठे ठेवली होती?"

"पँटच्या खिशात. मी किल्ल्या पँटच्या खिशातच ठेवतो."

"अ‍ॅप्रनच्या खिशात नाही ना?"

"छे. अ‍ॅप्रनच्या खिशात मी कधीच काही ठेवत नाही."

हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं की ताईंनी पुढे विचारलं नाही. धुलाईवाला गाठोडं घेऊन केव्हाच गेला होता. ताईंनी खुर्चीखाली झाडू फिरवला, डॉक्टरांनी कचऱ्याची बादली उपसली, जिन्यातल्या पायऱ्या दोघांनी वाकून वाकून पाहिल्या. सुजलेल्या गालाच्या बाईंनाही फोन केला; त्यांचं तोंड अजून बधिर होतं, त्यामुळे त्या काय म्हणाल्या ते कळलं नाही, पण सूर नकाराचा वाटला.

संध्याकाळी बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"मग आबांना फोन कर आणि सांग."

"वेडी आहेस का? किल्ली देऊन आठवडा नाही झाला."

"अरे, किल्लीच हरवली ना? सायकल तर आहे."

"तुला नाही कळायचं. तुला त्या घरात कपबशीतून चहा मिळतो."

नेमका तेवढ्यात आबांचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं, डोळ्याला पट्टी होती, त्यामुळे ते आवाजावरच जास्त भर देत होते. "काय डॉक्टर, सायकल कशी आहे?"

"मजेत आहे," डॉक्टर म्हणाले.

"आखडली नाही ना?"

"नाही नाही. रोज मोकळ्या हवेत असते."

हे खोटं नव्हतं, आणि तरीही फोन ठेवल्यावर डॉक्टर बराच वेळ फोनकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या किल्लीवाल्याला बोलावलं. तो आपली पेटी खांद्याला लावून आला, कुलपाकडे एक नजर टाकली आणि हात पुढे केला. डॉक्टरांनी त्याचा हात मधल्यामध्ये धरला.

"नुसतं बघा. हात लावू नका."

"हात न लावता कसं उघडणार साहेब? जरा हलवून तर बघू द्या."

"हलवायचं नाही. फार जुनं आहे ते. आतलं काही तुटलं म्हणजे?"

"मग कापू," किल्लीवाला समजुतीने म्हणाला. "कुलूप नाही तर साखळी. काहीतरी एक कापतो. पाच मिनिटांचं काम. नवं चांगलं कुलूप मीच देतो तुम्हाला."

हे शब्द डॉक्टरांना झोंबले. दात दुखतोय म्हणून येणारा प्रत्येक दुसरा माणूस त्यांना हेच सांगे, काढून टाका एकदाचा. आणि डॉक्टर प्रत्येकाला जे उत्तर देत, तेच त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं.

"काढायला काय, केव्हाही काढता येतो. पुन्हा बसवता येत नाही."

"काय काढता येतो?" किल्लीवाल्याने विचारलं.

"काही नाही. तुम्ही जा."

किल्लीवाला डोकं खाजवत गेला, आणि डॉक्टरांनी प्रकरण स्वतःच्या हातात घेतलं. दुपारी दवाखाना बंद असताना ते तोंडात बघायचा छोटा आरसा, कपाळावरचा दिवा आणि दातांची कीड शोधायची आकडी घेऊन खाली उतरले. कुलूप कुंपणाच्या खालच्या दांडीपाशी लोंबत होतं, त्यामुळे फुटपाथवर वर्तमानपत्र पसरून उताणं झोपणं भाग होतं. ते झोपले. आरसा किल्लीच्या भोकाशी धरून डोकावले. आत अंधार होता. आकडीने अगदी हळुवार चाचपडून पाहिलं. आकडी कुठे अडलीच नाही. पोकळी बरीच खोल गेलीय, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग आपण कुलपाबद्दल बोलतोय हे आठवलं.

आरसा बाजूला करून पाहतात तर वर चार-पाच चेहरे. त्यातला एक वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा होता.

"डॉक्टर, तुम्ही बरे आहात ना?"

"मी बरा आहे. कुलूप उघडत नाही."

"मग जरा ओढून बघा की."

"नाही हो, बाई. याला ओढायचं नाही. सासऱ्यांचं आहे."

हे कारण बाईंना पटलं. त्याही कुणाच्या तरी सूनबाई होत्या. त्या आत गेल्या.

आता इथपर्यंत जे झालं ते कुणाच्याही हातून होऊ शकलं असतं. यापुढचं मात्र दातांच्या डॉक्टरलाच सुचू शकतं. रात्रभर विचार करून त्यांना असं वाटलं की कुलूप म्हणजे तरी काय, एक पोकळी. पोकळीचं माप घेता येतं. कवळी करताना आपण तोंडात गुलाबी मसाला भरतो, तो घट्ट होतो, बाहेर काढला की आतल्या खाचाखोचा जशाच्या तशा मिळतात. कुलपाच्या आतल्या खाचा मिळाल्या की त्यावरून किल्ली करायला कितीसा वेळ लागतो.

"मला नाही ठीक वाटत हे," पावडर कालवताना ताई म्हणाल्या.

"ताई, आपण आजवर किती मापं घेतली असतील? एक तरी आत राहिलं का?"

"तिथं तोंड होतं. माणूस आ करत होता."

पण डॉक्टर पिचकारीत मसाला भरून खाली गेलेसुद्धा. भोकातून तो अलगद आत सोडला, वर काडी टोचून धरली, आणि घट्ट होईपर्यंत सवयीने कुलपाला म्हणाले, "आता अजिबात हलायचं नाही." कुलूप हललं नाही. मग त्यांनी काडी ओढली. काडी आली. मसाला आतच राहिला. भोकाच्या तोंडाशी हिरडीसारखी एक गुलाबी गोळी तेवढी दिसत होती.

त्याच संध्याकाळी ग्रंथपाल बाई वर दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, कुंपणाला रंग द्यायचाय. रंगारी उद्याच येतोय. तेवढी सायकल हलवा."

"बाई, ती हलली असती तर आणखी काय हवं होतं."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुलाईचे कपडे परत आले. प्रत्येक अ‍ॅप्रन कडक इस्त्रीचा, आणि सगळ्यात वरच्या अ‍ॅप्रनच्या खिशाला टाचणीने कागदाची पुडी लावलेली. ताईंनी ती उघडली. आत लाल दोऱ्यात ओवलेली पितळी किल्ली होती.

ताईंनी किल्ली डॉक्टरांच्या तळहातावर ठेवली आणि वाफेच्या भांड्यातली हत्यारं काढायला निघून गेल्या. डॉक्टर धावत खाली गेले. किल्ली भोकात टेकवली. ती टेकली आणि तिथेच थांबली. आपण स्वतःच्या हाताने, उत्तम प्रतीचा माल वापरून, ते भोक बुजवलं आहे, हे त्यांना तेव्हा पुरतं कळलं. ते कुंपणाच्या कट्ट्यावर बसले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

रंगारी आला. त्याने सायकल पाहिली, तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "हिच्यावर शिंतोडा उडाला तर पाप लागेल साहेब. झाका काहीतरी." डॉक्टरांनी पेशंटच्या गळ्यात बांधायचे सगळे कागदी रुमाल आणले, ताईंनी चिकटपट्टी आणली, आणि दोघांनी मिळून सायकल घंटीपासून कॅरिअरपर्यंत गुंडाळली. कुंपण हिरवं झालं. सायकलमागचा तेवढा भाग जुनाच राहिला.

रंग वाळल्यावर कागद काढले, आणि त्या हिरव्यागार कुंपणापुढे ती काळी सायकल अशी उठून दिसू लागली की येणारा-जाणारा थबकायचा. त्यात डॉक्टर रोज सकाळी येऊन ती फडक्याने पुसत, तेल देत, हवा बघत. एकाच जागी उभ्या असलेल्या सायकलमध्ये हवा भरणारा माणूस लोकांना साहजिकच वाचनालयाचा वाटला. सायकल प्रदर्शनासाठी ठेवली आहे असं आपोआप ठरलं. म्हातारी माणसं आपल्या तरुणपणीच्या सायकलींच्या गोष्टी सांगायला आत येऊ लागली, आणि आत आलीच आहेत तर पुस्तकंही नेऊ लागली. ग्रंथपाल बाई खूश झाल्या. त्यांनी एका पुठ्ठ्यावर सुबक अक्षरांत लिहून तो हँडलला अडकवला: 'कृपया हात लावू नये.'

"हे बरं केलंत," डॉक्टर मनापासून म्हणाले.

"आता कोणी हात लावायचं नाही बघा," बाई म्हणाल्या. आणि खरोखरच कोणी लावला नाही.

डॉक्टरांचा बेत आता असा होता की आबा परत यायच्या आदल्या दिवशी छाती घट्ट करायची, किल्लीवाल्याकडून साखळी कापून घ्यायची, कुलूप जसंच्या तसं ठेवायचं आणि काय बोलणी खायची ती खायची. पण आबांना थोरल्या मुलीकडे करमेना. एका सकाळी डॉक्टर कुणाच्या तरी दाढेत खोलवर असताना फोन वाजला. ताईंनी तो त्यांच्या कानाशी धरला.

"आबा आलेत," बायको सांगत होती. "आधीच निघून आले. आल्या आल्या सायकल कुठंय विचारलं. मी म्हटलं, दवाखान्यात. तर तिकडेच निघालेत."

"मग थांबवायचं ना."

"आबांना? मी?"

डॉक्टरांनी खिडकीतून पाहिलं. समोर, हिरव्या कुंपणापुढे, डोळ्यांना काळा चष्मा लावलेले आबा उभे होते. हात पाठीमागे बांधून ते पुठ्ठ्यावरची अक्षरं वाचत होते. डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडात कापूस ठेवला, 'आलोच' म्हटलं आणि जिना उतरले. फाशीच्या तख्ताकडे निघालेला माणूससुद्धा इतका सावकाश चालत नसेल.

"आबा."

"डॉक्टर, या सायकलला हात लावायचा नाही म्हणे."

"आबा, मला तुम्हाला एक सांगायचंय."

आणि डॉक्टरांनी सगळं सांगितलं. सुजलेला गाल, अ‍ॅप्रन, किल्लीवाला, आरसा, मसाला, धुलाईची पुडी. काही गाळलं नाही. आबा ऐकत होते. काळ्या चष्म्यामुळे त्यांच्या मनात काय चाललंय ते दिसत नव्हतं.

"किल्लीवाला पाच मिनिटांत कापतो म्हणाला होता," शेवटी डॉक्टर म्हणाले. "मीच नको म्हटलं. काढायला काय, केव्हाही काढता येतं. पुन्हा बसवता येत नाही."

आबांनी मान हलवली. मग कुलपाकडे बोट केलं. "मला वाकायची मनाई आहे. तुम्ही खाली बसा. बसलात? आता कुलूप डाव्या हातात धरा, आणि उजव्या हातानं खालून एक चापट मारा."

डॉक्टरांनी कुलपाला टिचकी मारली. दात दुखतो की नाही हे बघायला मारतात तशी, अगदी हलकी.

"जरा जोरात."

डॉक्टरांनी दुसरी टिचकी मारली.

"अरे, मार की," आबा म्हणाले. "दात आहे का तो?"

डॉक्टरांनी डोळे मिटून चापट मारली. खट्. कुलूप उघडलं. कडीबरोबर गुलाबी मसाल्याचा एक गुळगुळीत तुकडा बाहेर आला आणि फुटपाथवर पडला. त्याच्यावर एकही खाच नव्हती.

डॉक्टर बसल्या जागीच बसून राहिले. "आबा, हे काय?"

"आत खटके नाहीतच. मीच काढून टाकलेत, तुझ्या लग्नाच्याही आधी. कडी नुसती स्प्रिंगवर अडकते. चापट मारली, हिसका दिला, साधं कुणी ओढलं तरी उघडते."

"पण किल्ली?"

"किल्ली नुसतीच फिरते. चोराला काय माहीत?"

डॉक्टरांना पहिल्याच दिवशीची ती लोण्यात फिरलेली किल्ली आठवली. आणि आकडी कुठे अडली नव्हती ते आठवलं. किल्लीवाल्याचा आपण धरून ठेवलेला हात आठवला.

आबा कुंपणाच्या कट्ट्यावर टेकले. "तुझ्या सासूनं एकदा ही किल्ली हरवली होती. मी तिला एका शब्दानं बोललो नाही. पण न बोलण्याचीसुद्धा एक पद्धत असते, आणि माझी वाईट होती. ती दोन दिवस घरभर शोधत फिरत होती, नीट जेवली पण नाही. पिठाच्या डब्यात सापडली. तिनं त्याच दिवशी हा लाल दोरा बांधला, पुन्हा हरवू नये म्हणून. तो दोरा बघून मला माझीच लाज वाटली. मग मी कुलूप उघडून खटके काढून टाकले. म्हटलं, वस्तू आपण सांभाळायची ती माणसांना घाबरवायला नाही."

गेल्या कितीतरी मिनिटांत आबांनी आपल्याला एकदाही 'तुम्ही' म्हटलेलं नाही, हे डॉक्टरांच्या आत्ता लक्षात आलं.

"पण मग मला आधीच का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो," आबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. "पण तू इतक्या भक्तिभावानं किल्ली मागितलीस. आणि मी मनात म्हटलं, सांगायचं कशाला? घड्याळ झालं, रेडिओ झाला, खुर्ची झाली. याचा हात लागला की कुलूप आपोआप उघडेल. त्या भरवशावर तर दिली तुला."

डॉक्टरांनी फुटपाथवरचा गुलाबी तुकडा उचलून मुठीत लपवला.

"आणि तू बसलास आरसे लावत." आबांनी सायकलच्या सीटवरून हात फिरवला, मडगार्डवरच्या हिरव्या रेघेवर बोट टेकवून पाहिलं, घंटी एकदा वाजवली. रस्त्यावरची दोन-तीन माणसं वळून बघू लागली. कुठे धुळीचा कण नव्हता. "हात हलका आहे रे तुझा. मला माहीतच नव्हतं."

"आबा, वर पेशंट तोंड उघडं टाकून बसलाय."

"जा, त्याचं उरक आधी. मी येतोच मागून."

डॉक्टरांना वाटलं, म्हातारा माणूस उन्हातून आलाय, पाणी पिऊन, घटकाभर बसून निघेल. पेशंटला मोकळं करून ते हात धूत होते, तर आबा बाहेरच्या बाकावर न बसता सरळ आत आले आणि खुर्चीवर जाऊन बसले. ताईंच्या हातातली बशी तशीच राहिली.

"उजवीकडचा, खालचा, सगळ्यात मागचा," आबा छताकडे बघत म्हणाले. "बरेच दिवस ठणकतोय. त्या बाजारापलीकडच्या माणसाला दाखवला. तो म्हणतो, काढून टाकू. पाच मिनिटांचं काम."

डॉक्टरांनी टॉवेल खाली ठेवला. खुर्ची हळूहळू मागे नेली, दिवा आबांच्या डोळ्यांवर येणार नाही असा वळवला आणि तोच छोटा आरसा हातात घेतला. हात जराही हलत नव्हता.

आबांनी तोंड उघडलं. मग लगेच पुन्हा मिटलं.

"एकच सांगतो," ते म्हणाले. "ते गुलाबी काही ओतू नकोस."

आणि त्यांनी पुन्हा आ केला.